मीनाक्षीचा हेडलाइट आणि पाच ‘का’

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायच्या मीनाक्षी सरदेशमुखने पन्नास वर्षं जुनी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी, विकत घेतली होती आणि तिचा हेडलाइट लागत नव्हता. शनिवारी जुन्या गाड्यांची बर्फातली फेरी होती. चार वाजता तपासणी. दिवा लागला नाही तर गाडी बाहेर. दोन हिवाळे धड बर्फ पडला नव्हता, त्यामुळे ही फेरी तिला हवीच होती.

लागत नव्हता, हे तिच्या नवऱ्याचं मत. शैलेंद्रने सोमवारी गॅरेजमध्ये बटण दाबलं, दिवा लागला नाही, त्याचे डोळे मात्र लखलखले. मोटारींच्या कंपनीत अठरा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस तो!

“तू हात लावू नकोस,” तो म्हणाला. “प्रॉपर प्रोसेसने करू.” आणि गाडीची चावी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने वर ‘पुरावा’ असं लिहिलं.

मंगळवारी त्याच्या मित्रांची समिती बसली. अमेयकडे वायरिंग, मिहीरकडे बल्ब, शंतनूकडे रेग्युलेटर आणि मीनाक्षीकडे चिवडा. नियम असा, की ‘का’ पाच वेळा विचारायचं. दिवा का लागत नाही? वीज येत नाही. का येत नाही? असं करत करत पाचव्या ‘का’ला मूळ कारण सापडलं: आधीच्या मालकाची मानसिकता. तो बिचारा तीन वर्षांपूर्वीच वारला होता, त्यामुळे त्याची हरकत आली नाही.

मीनाक्षीने सीटखालचं मॅन्युअल काढलं. “अरे, ऐका तरी! पहिल्याच पानावर लिहिलंय. या गाडीला बॅटरी नाही. इंजिन चालू असेल तरच दिवे लागतात. चालू करून बघा ना!”

“बंद गॅरेजमध्ये इंजिन?” अमेय दचकला. “सेफ्टी रिव्ह्यू कुठे झालाय, वहिनी?”

“मग दार उघडा.”

“समितीत दाराचा ओनर, म्हणजे जबाबदार माणूस, कृष्णा आहे. तो व्हेकेशनवर गेलाय यार,” शंतनू हळहळला.

मीनाक्षीला असा काही संताप आला, की ती चिवड्याचा डबा उचलून आत घेऊन गेली. समितीने ‘साधनसामग्रीचा तुटवडा’ अशी नोंद केली.

त्यानंतर कामाने वेग घेतला. मिहीरने बल्ब कापून तपासला. बल्ब उत्तम होता, कापेपर्यंत. मग नवा लावला. रेग्युलेटर म्हणजे दिव्याला झेपेल तेवढीच वीज सोडणारी डबी; ती शंतनूने काढून लॅबला पाठवली.

शनिवारी तीन वाजता मीनाक्षीने समितीसमोरच पिशवी फाडली, दार वर केलं, चावी लावून दोरी खेचली. इंजिन फटफटलं आणि दिवा लागला!

“बघा, लागला की नाही!” ती आनंदाने ओरडली. तिने जरा ॲक्सिलरेटर दाबला. वीज आवरायला डबीच नव्हती. बल्ब लख्खकन पेटला आणि गेला. दुसरा नव्हता.

शैलेंद्रने लॅपटॉप उघडला. “दिवा लागत नाही, हे इंजिन चालू असतानाही सिद्ध झालं,” त्याने वाचून दाखवलं. समितीने टाळ्या वाजवल्या.

पाच वाजता फेरी घरासमोरून गेली, सगळ्यांचे दिवे लागलेले. मीनाक्षी ड्राइव्हवेवर हेल्मेट हातात धरून उभी होती आणि चक्क रडत होती.

चाळीस पानांचा रिपोर्ट शैलेंद्रने महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत दीडशे अंगठे आले आणि तेवढीच अभिनंदनं. मीनाक्षीने सगळी नावं खालपर्यंत वाचली. त्यात तुमचंही होतं. तिने विचारायला सांगितलंय, रिपोर्ट उघडला तरी होता का?