चाळीस जण आत

"दुपारच्या चहाच्या आत चाळीसच्या चाळीस जण जोडून देतो, मॅडम!" नेटवर्कवाल्या काकांनी फोनवर छाती ठोकून सांगितलं.

सगळं ऑफिस आता घरून काम करायचं. उरले होते काका, चाळीस रिकाम्या खुर्च्या आणि फायरवॉल. हे यंत्र म्हणजे भलतंच खडूस, अनोळखी कम्प्युटरला दारातच उभं करणार! त्यातून घरच्या कम्प्युटरना आत आणणारी व्हीपीएनची खास वाट काकांना काढायची होती. त्यांनी ओळख पटवणाऱ्या किल्लीची एक फाइल बनवली आणि तीच चाळिसांना धाडली.

फोन खणाणला. हिशेबनीस बाई होत्या.

"काका, आले आले... अहो, बाहेर फेकली गेले!"

"पुन्हा या!"

त्या आत आल्या आणि टायपिस्ट बाहेर पडला. तो आला तर वकीलबाई बाहेर! संगीत खुर्चीच सुरू झाली. फोनवर फोन! काकांना घाम फुटला, पण खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांनी इतकी माणसं त्यांच्याशी बोलत होती.

"मॅडम, हल्ला झालाय हल्ला! कुणीतरी आपल्या माणसांना हुसकावतंय!"

"मग बंद करा सगळं! पळा!"

काका यंत्राच्या खोलीत धावले. मागे दार धाडकन लागलं. दार आतूनही कार्डाशिवाय उघडेना; कार्ड कोटात, कोट बाहेर खुर्चीवर, मोबाइल टेबलावर! आत बर्फासारखा एसी. त्यांनी वाट बंद केली आणि कुडकुडताना डोक्यात उजेड पडला: चाळीस जणांना एकच किल्ली! यंत्राला सगळे एकच माणूस वाटले. नवा आला की जुन्याला हाकल!

त्यांनी तिथल्याच कम्प्युटरवर चाळीस वेगळ्या किल्ल्या बनवून पाठवल्या, वाट उघडली आणि ग्रुपवर विचारलं, "आत आलात का?"

"मी आत!" "मीपण!" "आत!"

काकांनी लिहिलं, "मीही आत आहे. दार लागलंय. कुणीतरी या."

चाळीस हसरे चेहरे उमटले. मॅडमनी लिहिलं, "शाब्बास! आता ऑफिसात यायची कुणालाच गरज नाही!"

मग एकेक जण कामाला लागला. ग्रुप गप्प झाला. काका काखेत हात घालून यंत्राची घरघर ऐकत बसले.

संध्याकाळी सफाईवाल्या मावशींनी दार उघडलं.

"अगंबाई! एवढ्या गारठ्यात एकटेच काय करताय?"

काकांनी नाक पुसलं.

"माणसं जोडतोय, मावशी!"