चालू रुग्ण

सन एकोणीसशे अडुसष्टच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी धुरपदाबाई स्वतःच्या पायांनी चालत चर्चमध्ये आल्या आणि धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीपुढे गंभीर पेच उभा राहिला.

धुरपदाबाई म्हणजे मिशन दवाखान्यातल्या जुन्या आया. नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही, राहायला पांझरा नदीपलीकडे देवपुरात गल्लीतली एक खोली आणि सोबतीला एक शेळी. काही वर्षांपूर्वी हौदावरून घसरून त्यांचा पाय गुडघ्याखाली मोडला. प्लास्टर निघालं तरी पाय जमिनीवर टेकेना, तेव्हापासून त्या खाटेवर होत्या. मिशनच्या मडमसाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा स्टेशनवर रडत रडत म्हणाल्या, "आजाऱ्यांची सेवा सोडू नका." मंडळीने हे शब्द मनावर घेतले आणि आजारी-भेट उपसमिती नेमली.

उपसमितीचे चिटणीस तोतारामभाऊ. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कचेरी सोडली होती. कचेरीने त्यांना सोडलं नव्हतं. घरी मिठाचा खडा मागायचा तरी ते "सबब" या शब्दाने सुरुवात करत. त्यांनी मंडळीची पाहणी केली आणि धुरपदाबाईंना 'चालू रुग्ण' म्हणून मान्यता दिली. मंडळीत दुसरे आजारी नव्हते असं नाही. पण ज्यांच्या घरी पाहुण्याला बसायला खुर्ची होती, ते आपला आजार घरातच ठेवत. खोकल्याचा बोभाटा झाला की मुलींच्या सोयरिकी अडतात. धुरपदाबाईंना ना खुर्ची होती ना मुलगी, तेव्हा मंडळीची सगळी करुणा त्या एका खोलीत येऊन थांबली. सोमवारी महिला मंडळ, बुधवारी तबलापेटी घेऊन तरुण संघ, शुक्रवारी वडीलमंडळी. मधल्या वारी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची पोरं येऊन शेळीची शेपटी ओढून जात.

यात ईर्ष्येचाही भाग होता. जिल्ह्याजिल्ह्यांची मिळून एक सेवा परिषद होती आणि सर्वोत्तम सेवेसाठी ती दरवर्षी फिरती ढाल देई. मागची काही वर्षं लागोपाठ ढाल जळगावकडे होती. जळगावकरांचं नशीबच थोर. त्यांच्याकडे एक आंधळा शिंपी होता आणि एक अख्खं क्षयी जोडपं. धुळ्याची सगळी भिस्त एका पायावर.

आणि तोच पाय बरा झाला. जामनेरकडचा निंबा म्हणून हाडवैद्य बाजाराला आला होता, त्याने हिवाळाभर तेल चोळून आणि पट्ट्या बांधून तो सरळ केला. धुरपदाबाईंनी ठरवून कोणालाच सांगितलं नाही. रविवारी सगळ्यांना एकदम आनंद द्यायचा, असा त्यांचा बेत होता.

त्या आत आल्या तेव्हा गीत अर्ध्यात थांबलं. पाळक गिरधर वळवी नवापूरकडचे, नवे, अजून कायम न झालेले. त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "चला, आपण आधी धुरपदाबाईंसाठी देवाचे आभार मानू."

तोतारामभाऊ उभे राहिले. "पाळकसाहेब, क्षमा असावी. ही बरं होण्याची बाब उपसमितीपुढे आलेली नाही."

"अहो, पण त्या समोर उभ्या आहेत."

"उभ्या आहेत हे दिसतं आहे. दिसणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं."

"भाऊ, मी चालीसन उनू ना," धुरपदाबाई कळवळून म्हणाल्या. "घरपासून. कोणाचा हातबी धरला नाही."

"तेच तर," तोतारामभाऊ म्हणाले. "परवानगी कोणाची घेतली?"

उपासनेनंतर उपसमिती बसली. धुरपदाबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि रुग्ण म्हणून त्यांच्या अंगावर शाल घातली. आत तोतारामभाऊंनी परिस्थिती मांडली. चालू वर्षाच्या आरंभीच चालू रुग्ण चालू लागला, तर तो बंद कसा करायचा याची नियमांत तरतूद नाही. शिवाय तो बंद केला, तर महिला मंडळाने सोमवारी जायचं कुठे? तरुण संघाने तबला कोणापुढे वाजवायचा? आणि डिसेंबरात परिषदेला दाखवायचं काय? पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "देवाने बरं केलं, ते आपण नाकारायचं का?"

"नाकारत कोण आहे?" तोतारामभाऊ म्हणाले. "देवाचा निर्णय आपण दाखल करून घेतला आहे. अंमलबजावणी पुढच्या जानेवारीपासून."

ठराव एकमताने झाला. पाळकसाहेबांचं मत त्यात धरलं होतं. ते कायम व्हायचे होते.

सोमवारी सुनंदाबाई महिला मंडळ घेऊन आल्या. सुनंदाबाई कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका; त्यांच्यापुढे आजारसुद्धा हाताची घडी घालून बसे. दारात पाहतात तो धुरपदाबाई शेजारच्या सुगनबाईंसोबत पापड लाटतायत.

"अहो, हे काय! आम्ही तुमच्यासाठी प्रार्थनेला आलो आणि तुम्ही पापड लाटताय? आम्हाला काय वाटेल याचा काही विचार?"

"बाई, मना पाय बरा व्हई गया."

"तसं वाटतं तुम्हाला. आजारी माणसाला काही कळत नसतं. चला, पडा."

धुरपदाबाई जन्मभर दवाखान्यात डॉक्टरांनी 'पडा' म्हटल्यावर लोकांना खाटेवर पाडत आल्या होत्या. त्या पडल्या. सुनंदाबाईंनी लांबलचक प्रार्थना केली. पापडांनी दमलेल्या धुरपदाबाईंना त्या प्रार्थनेत गाढ झोप लागली. महिला मंडळ चवड्यांवर बाहेर पडलं आणि रुग्णाची शुद्ध हरपत असल्याची वार्ता संध्याकाळपर्यंत देवपूरभर झाली.

ईस्टरला धुरपदाबाईंनी हट्ट धरला, उपासनेतला प्रभुभोजनाचा घास चर्चमध्येच घेईन. तोतारामभाऊंनी विचार केला आणि परवानगी दिली, मात्र चालत नाही. मान्यताप्राप्त रुग्ण भर आग्रा रोडवरून चालत गेला, तर मंडळीची अब्रू काय राहिली? तरुण संघातली चार पोरं खाट उचलून नेतील, असं ठरलं.

एप्रिलचं धुळ्याचं ऊन. पुलाच्या अलीकडेच एका पोराला घेरी आली आणि तो लिंबाखाली बसला. खाटेचा चौथा कोपरा अधांतरी राहिला. बाकीची तिघं एकमेकांकडे पाहत उभी. धुरपदाबाईंना पोरांची दया आली. त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि चौथा कोपरा धरला. "चला रे भो, उशीर व्हई राहिना." अशी ती खाट पूल ओलांडून निघाली. दुकानाच्या फळीवर बसून धान्य मापणारे मिश्रीलालशेठ हे पाहून मापातच अडकले.

"धुरपदाबाई, रोगी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच, शेठ," धुरपदाबाई म्हणाल्या. "आते फाटकजवळ परत बसेल."

चर्चच्या फाटकाजवळ त्या परत खाटेवर बसल्या. त्या दिवशी पाळकसाहेबांचं प्रवचन होतं विश्वासाने उठून चालू लागलेल्या लंगड्यावर. ते फार परिणामकारक झालं. पुष्कळांनी डोळे पुसले आणि पुसता पुसता खाटेकडे पाहिलं. प्रवचन चालू असताना धुरपदाबाई एकदा उठायला गेल्या, तेव्हा तोतारामभाऊंनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं.

पावसाळा गेला तो पेजेत. महिला मंडळ दर सोमवारी तांदळाची पातळ पेज आणी, बिनमिठाची. धुरपदाबाईंना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हवा असे. "माले भाकर जोयजे," त्या म्हणत. सुनंदाबाई सांगत, "आजाऱ्याने काय खावं हे निरोग्याला जास्त कळतं." पेज शेळी पिऊ लागली. शेळी इतकी बाळसेदार झाली, की गल्लीतल्या लोकांना ख्रिस्ती करुणेचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. बुधवारी तरुण संघ गाणी म्हणे. पेटी वाजवणाऱ्याला नवी नोकरी लागली होती, तो गाण्यांच्या मधे साहेबाच्या तक्रारी सांगे. तबलेवाल्याचं कोणा मुलीवर मन होतं, ते तो सांगत नसे, पण धुरपदाबाईंना कळे. गाणी संपली तरी पोरं बराच वेळ उठत नसत. त्या वेळी मात्र कोणी त्यांना पडायला सांगत नसे.

नोव्हेंबरात परिषदेचे तपासनीस आले. शमुवेलमास्तर, खुद्द जळगावचे. तोतारामभाऊ आदल्या दिवशीच धुरपदाबाईंना भेटून गेले होते.

"भाऊ, खोटं बोलाचं पाप मी करणार नाही," धुरपदाबाईंनी बजावलं होतं.

"कोण सांगतं खोटं बोलायला? फक्त निजायचं. निजणं हे काही बोलणं नव्हे."

शमुवेलमास्तर खुर्चीवर बसले. ही खुर्ची सुनंदाबाईंच्या घरून आणली होती. चष्मा सावरून त्यांनी विचारलं, "बाई, कसं वाटतं?"

"ठणठणीत शे मी, भाऊ," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि पटावं म्हणून तो पाय उचलून खाटेवर दणकन आपटला.

तोतारामभाऊंनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनी मिटलेलेच होते. शमुवेलमास्तरांनी चष्मा काढला.

"केवढी श्रद्धा!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाय असा निर्जीव आपटतोय आणि बाई म्हणते, ठणठणीत!"

"अशाच म्हणतात हो," तोतारामभाऊंनी सावरून घेतलं. "तोंडातून चकार तक्रार नाही."

"खरंच बरी शे मी!" असं म्हणून धुरपदाबाई उठल्या, तरातरा चुलीकडे गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

आता मास्तरांना हुंदका आवरेना. "पाहुण्यासाठी स्वतःच्या यातना विसरून! आमचा शिंपी दिवसभर कुरकुरत असतो हो. रुग्ण असावा तर असा."

ढाल धुळ्याला मिळाली. नाताळाच्या आधी जळगावला समारंभ झाला. धुरपदाबाईंना फार जायचं होतं. तिथल्याच पिंप्राळ्याला त्यांच्याबरोबरची एक जुनी आया राहत होती, तिची गाठ पडली असती. पण रुग्णाला प्रवास झेपणार नाही, असं उपसमितीने काळजीपूर्वक ठरवलं. एसटीच्या खास गाडीने सगळी मंडळी गेली. धुरपदाबाईंच्या नावाने टाळ्या झाल्या, त्या वेळी त्या शेळीला पाला घालत होत्या.

जानेवारीत परिषदेने जाहीर केलं, की यंदापासून बऱ्या झालेल्या रुग्णांनाही गुण मिळतील. पुढच्याच रविवारी तोतारामभाऊंनी धुरपदाबाई बऱ्या झाल्याचं मंजूर करून टाकलं. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांना व्यासपीठापासून दारापर्यंत दोनदा चालवलं. पाळकसाहेबांनी वर्षभर खोळंबलेले आभार मानले. ते नुकतेच कायम झाले होते, त्यामुळे आवाजात बळ होतं. धुरपदाबाई त्या दिवशी आनंदाने घरी आल्या आणि पोटभर ठेचा-भाकर खाल्ली.

सोमवारी त्यांनी सवयीने खोली सारवली, सतरंजी अंथरली. कोणी आलं नाही. बुधवारी त्या दाराशी बसून राहिल्या; तबला दूर कुठेतरी दुसऱ्याच गल्लीत, लग्नाच्या मांडवात वाजत होता. शुक्रवार तसाच गेला. पाळकसाहेब सायकलवरून जाताना हात करत आणि म्हणत, "बऱ्या आहात ना? छान, छान!" आणि घंटी वाजवून पुढे जात. असे काही आठवडे गेल्यावर एका संध्याकाळी त्या स्वतःच सुनंदाबाईंकडे गेल्या.

सुनंदाबाई दारात आल्या. "काय काम काढलंत?"

"काम काही नाही. बसाले उनू."

"बसायला?" सुनंदाबाई गोंधळल्या. त्यांनी धुरपदाबाईंच्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "पण तुम्ही तर आता बऱ्या आहात ना?"

"हो."

"मग?"

धुरपदाबाई दारातूनच वळल्या. त्या परत आल्या. त्या दिवशी त्यांनी शेळीला उगाचच दोन फटके दिले आणि मग तिच्या गळ्यात पडून रडल्या.

फेब्रुवारीत तोतारामभाऊ आले. खाटेच्या कडेला बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहरा ओढलेला. "धुरपदाबाई, मंडळीत एकही रुग्ण नाही. घरोघर विचारून पाहिलं. लोक बेजबाबदारपणे निरोगी आहेत. तिकडे जळगावकरांना म्हणे दोन नवे मिळाले." मग खाली पाहत म्हणाले, "तुमचा तो... दुसरा पाय कसा आहे?"

धुरपदाबाईंनी दुसऱ्या पायाकडे पाहिलं. त्याने जन्मात कधी तक्रार केली नव्हती. कित्येक दिवसांनी कोणीतरी त्यांच्या खाटेवर बसलं होतं. आपण काही बोललो नाही तर ते उठून जाणार होतं.

"दुखस," त्या म्हणाल्या. "थोडा थोडा दुखस, भाऊ."

"पडून राहा, पडून राहा!" तोतारामभाऊ टोपी घालत धडपडत उठले. संध्याकाळच्या आत सुनंदाबाई महिला मंडळासह हजर झाल्या. धुरपदाबाई बिनमिठाची पेज भांडं वाकडं करून शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या आणि त्यांनी विचारलं, "बुधवारी पोरं येतीन ना?"

ही हकिकत ऐकून पुष्कळांना धुळ्याच्या मंडळीचा राग येतो. यायलाच हवा. राग ओसरला, की आपल्या ओळखीतलं एखादं एकटं राहणारं, पण तब्येतीने ठणठणीत माणूस आठवून पाहावं आणि त्याच्याकडे आपण शेवटचे कधी गेलो होतो तेही आठवावं. आठवलं नाही तर चिंता करू नये. ते अंथरुणाला खिळलं, की कोणीतरी कळवेलच.