टोपणांचे नंबर

"पाच पेनं आहेत ना? शुक्रवारी एकाचं नाव सांगते," असं ती सर्जनना छातीठोकपणे सांगून आली. ऑपरेशन थिएटरातली नर्स ती. कातडीवर खूण करायचं पेन निवडायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. जुन्या पेनाची खूण औषधाचा बोळा दिसताच नाहीशी व्हायची, भांडी दिसताच नवरा व्हायचा तशी.

पाचही पेनं जांभळी, एका साच्यातली. तिने टोपणांवर नंबर चिकटवले आणि घरी स्वतःच्या हातांवर खुणा करकरून, त्या पुसपुसून दंडापर्यंत कातडी सोलवटून घेतली.

"आई, बाण कशाला?" चार वर्षांच्या लेकीने विचारलं.

"डॉक्टरांना कळायला. दुखतं तिथे बाण."

सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन शुक्रवारीच होतं. आठ महिने थांबून मिळालेली तारीख. गुरुवारी दुपारी दमून तिचा डोळा लागला. उघडला तेव्हा घोरणाऱ्या सासूबाईंच्या डाव्या गुडघ्यावर ठसठशीत जांभळा बाण.

"अगं, आजीचा उजवा दुखतो!"

"उजवाच आहे," लेक आजीच्या समोर उभी राहिली. "हा बघ माझा उजवा हात. त्याच्याच समोरचा."

स्पिरिट झालं, साबण झाला, तेल झालं. गुडघा लाल झाला, बाण हलेना.

"माझ्यात डावं-उजवं करू नकोस, असं तुला लग्नापासून सांगत आले," सासूबाई सुस्कारल्या. "आता कर गं बाई."

सकाळी सर्जन बाणाकडे बघत राहिले. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "तारीख पुढे जाईल का?"

त्यांनी कागद पाहिले, एक्स-रे पाहिला, सासूबाईंना तीनदा विचारलं. मग डावा गुडघा पट्टीने झाकून टाकला आणि उजव्यावर स्वतः खूण केली. "आजच करू."

ऑपरेशन नीट झालं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "तो बाण स्पिरिटलाही दाद देत नाही. तेच पेन मागवा. नंबर कितवा?"

"घरी बघून सांगते," ती पहिल्यांदाच हसली.

घरी डबा उघडला. लेकीने पेन वापरूनही पाचही टोपणं नीट लावलेली होती. तिला शंका आली.

"आजीला बाण काढलास त्या पेनाचं टोपण कुठलं गं?"

"मी सगळी बदलली. त्यांना कंटाळा आला होता."

पाचही पेनं पुन्हा तपासायला तिने बाही वर केली. हातावर तिळाएवढी जागा उरली नव्हती. म्हणून नवऱ्याला हाक मारली.

तो नाहीसा झाला होता.