खोटी मेमरी

सैन्यातल्या स्टोअरमधून निवृत्त होऊन गाझियाबादला स्थायिक झालेल्या सुभेदार अंबादास शेलारांना बिनकामाची वस्तू दिसली, की त्यांचे हात शिवशिवत. त्या सकाळी त्यांनी बायकोचा लॅपटॉप साफ करायला घेतला. अकरा वाजता सुनेत्राबाईंची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी ऑनलाइन मुलाखत होती. मशीन जरा हलकं करून द्यावं, एवढाच उदात्त हेतू. (हेतू त्यांचे नेहमीच उदात्त असत. म्हणून तर घरचे घाबरत.)

डिस्क गच्च भरलेली. एका व्हिडिओनं सांगितलं, 'व्हर्च्युअल मेमरी'ची फाइल आठ जीबी जागा अडवून बसते.

"व्हर्च्युअल म्हणजे खोटी," अंबादास स्वतःशीच म्हणाले. "खोटी मेमरी हवीच कशाला?"

चार क्लिक, एक रीस्टार्ट, फाइल गायब!

मुलाखत ऐन रंगात आली. सुनेत्राबाईंनी प्रेझेंटेशन उघडलं, मग निकालांचा तक्ता उघडला, आणि 'मेमरी अपुरी आहे' एवढं बोलून लॅपटॉपनं मुलाखत घेणारं अख्खं पॅनेल गायब केलं.

"अहो! काय केलंत?"

"काही नाही गं. जरा साफसफाई."

दिल्लीत मुनिरक्याला राहून कॉम्प्युटर शिकणाऱ्या लेकीला, सलोनीला, फोन लागला. 'मेमरी अपुरी' ऐकताच तिनं ओळखलं.

"बाबा, व्हर्च्युअल मेमरीची ती पेजिंग फाइल बंद केलीत?"

"नुसती पडून होती."

"पडून नव्हती यार! रॅम चारच जीबी आहे. ती भरली की मेमरीतली लगेच न लागणारी पानं त्या फाइलमध्ये जातात, लागली की परत येतात. आता ठेवायला जागाच नाही! सेटिंग चालू करून रीस्टार्ट करा. तोवर आईला मोबाइलवरून जॉइन होऊ दे."

मोबाइल टेकवायला काही सापडेना. शेवटी अंबादासच टेबलापलीकडे गुडघे टेकून, दोन्ही हातांत फोन धरून बसले. वीस मिनिटं. सुनेत्राबाईंच्या एका उत्तरावर त्यांच्या तोंडून "शाब्बास!" निसटलंच.

"वर्गात कुणी फार उचापती असेल तर?" पॅनेलनं हिंदीत विचारलं.

"त्याला काम द्यायचं," फोनच्या वर बघत सुनेत्राबाई म्हणाल्या. "दोन्ही हात गुंतलेले राहतील असं."

पॅनेल खो खो हसलं. निवड तिथल्या तिथेच झाली. अंबादासांचे डोळे भरून आले, पण हात तसूभर हलला नाही.

निरोप घेताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, आपका फोन-स्टँड बडा बढिया है. जरा भी नहीं हिला. कहाँ से लिया?"

"शादी में मिला था," सुनेत्राबाई म्हणाल्या. "बीच में थोडा बोलता है, पर मजबूत है."