सोळा टक्क्यांचा गुडघा

पैशाचं भविष्य कुणालाच कळत नाही, म्हणून शहाणी माणसं त्याचा इतिहास वाचतात. इतिहासाचा मोठा गुण असा, की तो होऊन गेलेला असतो.

टेलरमास्तरांनी हा गुण वेळीच ओळखला. तीस वर्षं शिलाई मशीनचा पायटा मारून मास्तरीणबाईंचे दोन्ही गुडघे झिजले होते. ते बदलायला लागतील तेवढे पैसे मास्तरांनी साठवले होते, नेमके तेवढेच. डॉक्टर म्हणाले, चार वर्षं निघतील. आता चार वर्षं पैसा नुसता बसवून ठेवणं म्हणजे कारागिराला फुकट पोसणं (मास्तरांचं मत). ते म्युच्युअल फंडाच्या सल्लागाराकडे गेले.

सल्लागाराने एक तक्ता पुढे सरकवला. दहा वर्षं, दर वर्षी लाभांश, एकही खाडा नाही. अशी हजेरी असलेल्या मुलाला शाळेत वही-पेन्सिल देतात. मास्तरांनी सगळी शिल्लक दिली.

"दहा रुपयांच्या युनिटला वर्षाला ऐंशी पैसे," सल्लागार म्हणाला, "म्हणजे यील्ड आठ टक्के, मास्तर. लाभांशाला भावाने भागायचं, झालं."

मास्तरांनी मापाच्या वहीत नवा रकाना आखला. छाती, कंबर, बाही, यील्ड.

पहिल्या वर्षी ऐंशी पैसे आले. दुकानावर नवी पाटी लागली. दुसऱ्या वर्षी भाव आठ रुपयांवर बसला, ऐंशी पैसे तेच, यील्ड दहा. गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या आल्या. तिसऱ्या वर्षी भाव सहा रुपये चाळीस पैसे, यील्ड साडेबारा, आणि छताला पंखा. भाव जसजसा खाली बसे तसतसं यील्ड वर चढे, आणि मास्तरांची मान त्याच्याबरोबर. (भावाचाही रकाना आखायचा होता, पण पानावर जागा उरली नव्हती.) चौथ्या वर्षी भाव पाच, यील्ड सोळा. सोळा टक्के ऐकून दुकानातल्या सव्वीस गिऱ्हाइकांपैकी पंचवीस जणांना हेवा वाटला. सव्विसावा चेन बदलायला आला होता, तो घाईत होता.

फक्त मास्तरीणबाईंना शंका येत.

"अहो, हे पैसे येतात कुठून?"

"फंडातून."

"आणि फंडात?"

"आपण घातले की."

"म्हणजे आपलेच?"

"अगं, थोडे आपले, थोडे कमाईचे. कमाई कमी पडली तर आपले जरा जास्त. नियमातच आहे ते, बारीक अक्षरात."

मास्तरीणबाईंनी पायटा मारला. त्या तालावर त्या नेहमीच काहीबाही जुळवत.

"तुझ्याच गं ओंजळीतून, तुला पाजियलं पाणी,
वर म्हणे आठव बाई, आमची मेहेरबानी."

"तुला गाणी जुळवता येतात," मास्तर मायेनं म्हणाले, "यील्ड येत नाही."

त्याच महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता थांबून चालणार नाही. मास्तरांनी युनिटं मोडली. हातात बरोबर निम्मे आले. सल्लागाराने दुकानात येऊन धीर दिला, "मिळालेला लाभांश धरलात तर फार काही गेलं नाही, मास्तर." हे खरंच होतं. लाभांश समोरच होता. त्यातल्या एका खुर्चीवर सल्लागार स्वतः बसला होता, आणि पंखा त्याला वारा घालत होता.

घरी मास्तर बराच वेळ टेप गुंडाळत राहिले.

"एकाच गुडघ्याचे आलेत."

मशीन थांबलं.

"कुठल्या?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मग बाईंनीच स्वतःच्या गुडघ्यांवर एकेक हात ठेवून पाहिला, भाजी निवडावी तसा. "उजवा करू," त्या म्हणाल्या. "पायट्याला जोर त्याचाच लागतो. डाव्याला सांगते मी समजावून."

उजवा झाला. छान झाला.

ही हकीकत मास्तर कुणापासून लपवत नाहीत. ऐकणारा हळहळतो, जिभेने च्‌ च्‌ करतो, सल्लागाराला दोन शिव्या घालतो. मग जरा थांबतो, आवाज उतरवतो आणि एक गोष्ट विचारतो. तुम्हीही तीच विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: हो, तो फंड अजून चालू आहे, आणि यील्ड आता अठरा झालंय.