तांबड्या छत्रीमागचं बेट

एका जंगलातल्या जनावरांना एकदा जग बघायची हुक्की आली. हसू नका रे, तुमच्या घरातही येते. जहाजात बसून ती कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर उतरली.

बेटावर गाईड होता पोपट. नाव हिरोजी. विद्वान हो! बेटाचा अख्खा इतिहास त्याला पाठ. त्यानं तांबडी छत्री उंच धरली आणि बजावलं, "छत्रीमागून या. छत्री चुकली की जहाज चुकलं!"

जनावरं निघाली. डोंगर आला, त्यांनी छत्री बघितली. धबधबा आला, छत्री बघितली. शेवटी समुद्रकिनारा आला. हिरोजीनं छत्री वाळूत रोवली आणि तो नारळपाणी प्यायला गेला. जनावरं छत्रीभोवती आडवी झाली.

तेवढ्यात समुद्रातून एक कासवी वर आली. तिचे दिवस भरले होते. ती जन्मली याच वाळूत, आणि अंडी घालणार तीही इथंच. कासवांची रीतच तशी. पण वाळू मोकळी असेल तर ना!

"अस्वलदादा, जरा सरकता का? मला अंडी घालायचीत."

"सरकू? बाई, आम्ही पॅकेजमध्ये आलोय. वाळू त्यात धरलेली आहे."

"अहो, पण माझी पोरं..."

"पोरांचं अर्धं तिकीट पडतं," नीलगाय डोळे न उघडता म्हणाली.

कासवीचा जीव कासावीस झाला. छत्रीच्या बुडाशी वीतभर जागा होती. निदान तिथं तरी खणावं म्हणून तिनं छत्रीचा दांडा तोंडात धरून उपटला.

झालं! सगळी जनावरं ताडकन उठली आणि तिच्यामागे ओळीनं उभी राहिली.

कासवी डावीकडे सरकली. ओळ डावीकडे. ती उजवीकडे सरकली. ओळ उजवीकडे. मग काय! बाईमाणूस ती, तिला अक्कल होती. वळली ती थेट धक्क्याकडे.

"ही गाईड बरी," अस्वल म्हणालं. "पळवत नाही."

"आणि बडबड नाही. केवढा अभ्यास असेल!" नीलगाय म्हणाली.

तोंडात दांडा होता हो, बोलणार कशी?

धक्क्यावरून कासवीनं छत्री जहाजात भिरकावली. सगळी जनावरं छत्रीमागून भराभर चढली. भोंगा वाजला. जहाज गेलं.

हिरोजी धापा टाकत आला. "अगं भवाने, माझी मंडळी पळवलीस!"

"तुझी कुठली, मेल्या? छत्रीची होती."

"अजून निम्मा इतिहास सांगायचा राहिलाय!"

"मग मला सांग. मी खड्डा खणता खणता ऐकते. तोंड मात्र तिकडे कर."

हिरोजीनं तोंड फिरवलं. त्याचा इतिहास कुणीतरी शेवटपर्यंत ऐकला, तो हा पहिलाच दिवस.

तात्पर्य: लोक आपल्या मागे आले, तर त्यांना पुढे नेऊ नये. गुपचूप घरी पोचवावं आणि आपलं काम उरकावं. हे ज्यांना कळलं नाही, त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत.