मधलं टेबल कुणी ओलांडलं?

१९५२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बरबँकच्या एका टीव्ही स्टुडिओत लोर्ना हॅस्केल हिने आपण गरोदर असल्याचे कळवले आणि पडद्यावर काय दिसावे ते ठरवणाऱ्या नीतिमत्ता विभागाची तातडीची बैठक भरली.

लोर्ना ‘पेनीवेदर कुटुंब’ या विनोदी मालिकेत पेनीवेदरबाई होती. दर मंगळवारी मालिका थेट प्रक्षेपित होई आणि अर्धा देश ताट मांडीवर घेऊन ती पाही. पेनीवेदरबाई मोत्यांची माळ घालून भांडी घासत, नवऱ्याच्या अंगावरचा कोट उतरवून घेत आणि झोपायला आपल्या पलंगावर जात. नवरा त्याच्या पलंगावर. मधे टेबल. टेबलाची रुंदी विभागाने मंजूर केलेली होती.

“पेनीवेदरबाईलाच दिवस गेलेत असं दाखवा की,” लोर्ना म्हणाली. “नवरा आहे तिला. दर रविवारी चर्चला जाते.”

“नवरा आहे, मान्य. पण पलंग वेगळे आहेत ना,” विभागप्रमुख ऑर्विल टटल म्हणाले. “उद्या कॅन्ससमधली एखादी आजी विचारेल, मधलं टेबल कुणी ओलांडलं? काय उत्तर देऊ?”

“आणि पेनीवेदरांची आधीची दोन पोरं? ती कुठून आली?”

“ती मालिका सुरू व्हायच्या आधीची. विभागाच्या कार्यकक्षेत येत नाहीत.”

“मग मला रजा द्या.”

“कारण?”

“गरोदर—”

“बाई! तो शब्द या इमारतीत उच्चारायचा नाही. आणि कारणाशिवाय रजा म्हणजे करारभंग.”

लोर्नाचा नवरा एक पाय कोरियाच्या युद्धात ठेवून परतला होता. घर तिच्या पगारावर चालत होते. ती गप्प बसली. नीतिमत्तेला गप्प बसलेली बाई फार आवडते.

ठराव असा झाला की लोर्ना गरोदर नाही, तिची ‘परिस्थिती’ आहे, आणि परिस्थिती झाकता येते. चौथ्या महिन्यात तिच्या हातात धुण्याची टोपली दिली. प्रायोजक कपडे धुण्याच्या पावडरीचा कारखानदार होता, त्याला तर आनंदच झाला. पाचव्या महिन्यात टोपली मोठी झाली. सहाव्यात भोपळा आला. सातव्यात पेनीवेदरबाईंना अचानक ढोल वाजवण्याचा छंद जडला.

“लोर्ना, जरा पोट आत घे,” दिग्दर्शक सिड कामिन्स्की ओरडला.

“आत माणूस आहे, सिड.”

आठव्यात तिला स्वयंपाकघराच्या ओट्यामागे उभे केले आणि ओटा छातीपर्यंत उंच केला. पेनीवेदरसाहेबांचे काम करणारा वेंडल ब्रूक्स म्हणाला, “चार आठवडे झाले, बायकोचं फक्त मुंडकं दिसतंय. लोकांना काही वाटणार नाही?”

“कशाला वाटेल?” सिड म्हणाला. “मुंडकं हसतंय ना? बास.”

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, पहिल्याच प्रवेशात, लोर्नाने ओटा घट्ट धरला. ओठ पांढरे पडले. “आई गं!” ती कळवळली.

स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर ‘हसा’ असे लिहिलेला दिवा लागला. प्रेक्षक हसले.

“वेंडल, थांबव हे,” ती दात आवळून म्हणाली. “वेळ आलीय. खोटं नाही सांगत.”

वेंडलने सिडकडे पाहिले. सिडने टटलकडे.

“अहो, बंद करू या,” सिड कुजबुजला. “मरेल ती!”

“बंद करा ना. मी कुठे अडवलंय?” टटल म्हणाले. “फक्त काय कारण सांगून बंद करणार, तेवढं मला सांगा.”

सिडने वेंडलला हाताने खूण केली, पुढचं वाक्य बोल. वेंडल बोलला. पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई उभी राहिली. “अहो, चार बाळंतपणं झालीत माझी, मला कळतं! त्या बाईला—” तेवढ्यात ‘टाळ्या’ हा दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई खाली बसली, आणि तिनेही वाजवल्या.

शेवटी लोर्नाच कॅमेऱ्याकडे वळून ओरडली, “मी गरोदर आहे! डॉक्टरला बोलवा रे कुणी!” टटलनी चपळाईने आवाजाचा खटका पाडला. देशाने ‘मी ग’ एवढेच ऐकले आणि पुढे हशा.

पावडरीची जाहिरात लागली, तेव्हा कुठे वेंडल ओट्यामागे धावला. मुलगी तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर जन्मली. आई आणि मुलगी दोघी जगल्या, त्यात विभागाचा काही दोष नव्हता. आठवड्याने लोर्नाला कामावरून काढले. कारण, चालू प्रक्षेपणात परवानगी न घेता एक जादा व्यक्ती सेटवर आणली.

तो भाग त्या वर्षी सर्वांत जास्त गाजला. बाईंचा घाम, ओट्यावर आवळलेली बोटं, ताणलेला जबडा, सगळे कॅमेऱ्याने जवळून दाखवले होते. “काय तोंडं करते हो ही बाई!” अशा कौतुकाने गोण्याच्या गोण्या टपाल आले.

स्टुडिओतल्या लोकांना निदान दिवा लावून सांगावे लागले. घरोघरी सोफ्यावर बसून जे हसले, त्यांच्यासमोर कुठलाही दिवा नव्हता.